गढीत मुक्काम: खोलीआधी भिंत बघा

द्राक्षमळ्यातला जुना किल्ला दुरुस्त करून त्यात पाहुणे ठेवायची रीत युरोपात चांगलीच रुळली आहे. इटलीत कियान्ती भागातला ब्रोलिओचा किल्ला ११४१ पासून रिकासोली घराण्याकडे आहे आणि तिथली वाईन आजही चालू आहे. आपल्याकडे द्राक्षं नाशिकची. पण वरुड-मोर्शी, काटोल-नरखेडकडे संत्र्याच्या बागा आहेत आणि विदर्भात जुन्या गढ्याही कमी नाहीत. अशा दुरुस्त केलेल्या गढीत दोन रात्री काढायच्या असतील तर फोटोतला पलंग नंतर बघा. आधी भिंत बघा.

वऱ्हाडात गावठाणाला पांढरी म्हणतात, शेताला काळी. गढीचं जोतं दगडाचं आणि वरची भिंत बहुधा पांढरीच्या मातीची. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून ती भिंतीला चालत नाही. पायासुद्धा काळी ओलांडून मुरमापर्यंत न्यावा लागतो. अशी भिंत ओल पिते आणि हळूहळू सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आतच कोंडते, वर चढते आणि दोन-तीन पावसाळ्यांत गिलावा मातीचा थर घेऊन पापुद्र्यासारखा सुटतो. दुरुस्तीत सगळ्यात जास्त होणारी चूक हीच, कारण नवं काम वर्षभर अगदी गुळगुळीत दिसतं.

ओळखायचं कसं? जमिनीपासून दीड-दोन फुटांपर्यंत पांढरी, कापसासारखी पूड दिसते का बघा. तो लोणा, म्हणजे ओलीबरोबर वर आलेला क्षार. मग बोटाच्या पेराने भिंत ठोका. पोकळ वाजली तर गिलावा भिंतीला सोडून उभा आहे. पलंग त्या भिंतीला टेकवलेला असेल तर दुसरी खोली मागा. यात भीड ठेवू नका.

चुन्याचं काम नीट झालंय का, हेही दिसतं. चुनकळी, म्हणजे भाजलेल्या चुन्याचे खडे, पाण्यात विरवून निदान पंधरा दिवस, जमलं तर महिनाभर पाण्याखाली ठेवावी लागते. घाई केली आणि न विरलेला कण राहिला तर तो गिलाव्यात बसल्यावर ओल पिऊन फुगतो आणि टिकलीएवढी खपली उडते. भिंतीवर असे देवीच्या व्रणांसारखे खड्डे दिसले की चुना गाळलाच नाही, असं समजा. एक भाग चुन्याला अडीच ते तीन भाग वाळू आणि विटकरीची भुकटी, त्यात बेलफळाचं नि गुळाचं पाणी. गूळ मात्र हात राखून, जास्त झाला तर गिलावा आवळायला वेळ घेतो. एक थर अर्ध्या इंचापेक्षा जाड नको. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो आणि तोवर त्याला ओल लागते, म्हणून आठ-दहा दिवस ओली बारदानं लावून ठेवायची. एप्रिलच्या उन्हात केलेलं काम घट्ट होण्याआधीच वाळतं, हात फिरवला की पूड निघते. पावसात ते धुपतं. विदर्भात या कामाचे दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढेच. गढीवाल्याला काम कोणत्या महिन्यात केलं ते विचारा. उत्तर "मे" आलं तर आपल्याला जे समजायचं ते समजलं.

धाब्याखालची, म्हणजे मातीच्या सपाट छताखालची खोली मिळाली तर छताकडे बघा. धाब्यावरची माती रोहिणी नक्षत्रात उकरून, गवत काढून, पुन्हा दाबावी लागते आणि पन्हाळी मोकळी करावी लागते. ते राहिलं की पहिल्या मोठ्या पावसात किलचनावरून, म्हणजे छताच्या मातीखालच्या लाकडी पट्ट्यांवरून, तपकिरी ओघळ येतात. कौलारू माडी असेल तर त्रास वानरांचा. एका उडीत चार कौलं.

तीन फुटी भिंत दुपारी गार असते हे खरं, पण दिवसभर प्यायलेली ऊब ती रात्री सोडते. मे महिन्यात रात्री दहाला खोली अंगणापेक्षा गरम वाटेल, तेव्हा खिडक्या संध्याकाळनंतर उघडा आणि सकाळी आठच्या आत लावून घ्या. कुलर लावायचा तर समोरची खिडकी वीतभर तरी उघडी हवी. दारं-खिडक्या बंद करून कुलर चालवला तर अंग चिकट होतं आणि रात्रभराची ओल भिंतीत जाते. न्हाणीघर जुन्या भिंतीच्या आत असेल तर पाइप कुठून नेलाय ते बघा. तो मातीच्या भिंतीत गाडलेला असेल तर गळती कळेपर्यंत भिंत आतून चिखल झालेली असते. शहाणा मालक न्हाणी बाहेर, वेगळ्या जोत्यावर बांधतो. रात्री चार पावलं जास्त चालावी लागतात, इतकंच.

बागेचं म्हणाल तर संत्र्याला वर्षात दोन बहार: आंबिया बहाराची फळं साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये. फुलांचा वास हवा असेल तर जानेवारी अखेर ते फेब्रुवारी. डिसेंबर-जानेवारीत गेलात आणि एखादी बाग मलूल, पानं गळलेली दिसली तर मालकाला "झाडं वाळली का?" विचारू नका. तो ताण आहे. महिना-दीड महिना पाणी मुद्दाम तोडतात, मगच झाड फुलावर येतं. फळ स्वतः तोडायचं असेल तर ओढू नका, साल देठाशी फाटते आणि दोन दिवसांत तिथूनच सडतं. कात्रीने, थोडा देठ ठेवून कापा.

आणि झाडाला टेकून फोटो काढण्याआधी खोड बघा. पावसाळ्याच्या आगेमागे डिंक्यासाठी, म्हणजे खोडातून डिंक गळण्याच्या रोगासाठी, त्यावर तीनेक फुटांपर्यंत निळसर मलम फासलेलं असतं: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. चुना इथेही आहेच. हे बोर्डो मलम, फ्रान्सच्या वाईनच्या मुलखाचं नाव घेऊन आलेलं. बोर्डो मिश्रण १८८५ च्या सुमारास तिथल्या द्राक्षवेलींच्या केवडा रोगावर तोड म्हणून पुढे आलं. पांढऱ्या सदऱ्यावरून त्याचा डाग सहजी जात नाही.