तुम्ही विचारलंत म्हणून: हाडं ठिसूळ, मग वजनं कशाला?

"हाडं ठिसूळ झालीत म्हणता, मग या वयात वजनं कशाला उचलता? पुन्हा काही मोडलं म्हणजे?" इतक्यांदा ऐकलंय की आता चिडायला होतं. एकदाच सांगते.

माझा मणका मोडला तेव्हा मी वजनं उचलत नव्हते. लाकडी खिडकी दमट हवेनं फुगून घट्ट बसली होती. पुढे वाकून मी खालची कड धरली, वर हिसका दिला आणि पाठीत कट्‌ झालं. पडले नाही, धडपडले नाही. उसण भरली असेल म्हणून तीन आठवडे शेकत बसले. शिंक येईलशी वाटली की नाक दाबून धरायचे, कारण शिंकेसरशी कळ पाठीतून छातीपर्यंत यायची. एका रात्री कूस बदलताना किंचाळले, तेव्हा कुठे एक्स-रे काढला. मणका पुढच्या बाजूनं चेपून पाचरीसारखा झाला होता. मग डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी. तिचा आकडा म्हणजे टी-स्कोअर: निरोगी तरुण माणसाच्या तुलनेत आपली हाडं किती घट्ट, ते तो सांगतो. तो उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार. माझा उणे २.९.

खरं तर इशारा सहा वर्षं आधीच मिळाला होता. सपाट फरशीवर पाय घसरून मनगट मोडलं, तेव्हा मी ५२ वर्षांची होते. पन्नाशीनंतर नुसतं उभ्याउभ्या पडून हाड मोडलं, तर हाडांची तपासणी व्हायलाच हवी. प्लास्टर घालणाऱ्यांनी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. त्याचा राग आजही आहे. पण माझी पाळी ४३व्या वर्षीच गेली, तेव्हा आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी हाडं तपासून घ्या म्हणून सांगितलं होतं, हेही खरं. इस्ट्रोजेन कमी झालं की हाड झिजण्याचा वेग भरून येण्याच्या वेगापुढे जातो, हे त्यांनी समजावलंही होतं. मी म्हटलं, "मी रोज तासभर चालते, कॅल्शियम घेते, मला काय होणार?"

तेव्हाच्या त्या बाईशी, म्हणजे माझ्याशीच, मी अजून भांडते. चालणं चांगलंच, पण हाडाला सवयीपेक्षा जास्त भार लागतो. शिवाय मणका मोडल्यावर वर्षभर भीतीपोटी भरली बादलीही उचलली नाही, तर मांड्या वाळल्या, जिना उतरताना तोल जायला लागला. पडण्याची भीती बाळगून पडण्याचीच तयारी चालली होती!

आता फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली उचलते. पाठ सरळ, वाकायचं ते कमरेच्या खुब्यातून, पाठीची कमान करून नाही. २ किलोपासून सुरुवात केली, आज १२ किलो. हाडांसाठी आठवड्यातून एकदा घ्यायची गोळीही चालू आहे: उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. दोन वर्षांनी टी-स्कोअर उणे २.६ आला. त्यात गोळीचा वाटा किती, वजनांचा किती, मला सांगता येत नाही. कदाचित सगळा गोळीचाच असेल. जिना मात्र कठडा न धरता उतरते.

ती खिडकी अजून दुसऱ्या कुणाला तरी उघडायला सांगते.