मंडळाच्या गर्दीत साड्यांचे दुकान बंद पडते तेव्हा

गेल्या गणेशोत्सवात, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, दादरच्या एका साडी दुकानाच्या मालकांचा मला फोन आला. गौरी दोन दिवसांवर आलेल्या असताना त्यांच्या संकेतस्थळावर साड्यांऐवजी पांढरे पान आणि डेटाबेसशी संपर्क होत नसल्याची एक ओळ दिसत होती. त्यांच्या संकेतस्थळात काहीच बिघडलेले नव्हते. बिघाड शेजारी होता. गिरगावातल्या एका सार्वजनिक मंडळाचे संकेतस्थळही मी त्याच क्लाउड सर्व्हरवर, म्हणजे भाड्याने घेतलेल्या दूरच्या संगणकावर, ठेवले होते आणि आरतीच्या वेळांचे पान कार्यकर्त्यांनी नेमके त्या संध्याकाळी व्हॉट्सॲपच्या जमतील तेवढ्या गटांवर पाठवले होते.

सर्व्हरची नोंदवही, म्हणजे लॉग, उघडल्यावर कारण शोधावे लागले नाही. मेमरी संपल्यामुळे सर्व्हर चालवणाऱ्या लिनक्सने मायएसक्यूएल हा डेटाबेस बंद पाडला होता. अशा वेळी कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, सहसा सर्वांत जास्त मेमरी अडवून बसलेली प्रक्रिया (चालू असलेला प्रोग्रॅम) निवडतो आणि ही संकेतस्थळे ज्यावर चालतात त्या वर्डप्रेसच्या सर्व्हरवर ती बहुतेकदा डेटाबेसचीच असते. पुढचा हिशेब शाळकरी मुलालाही जमेल असा आहे. सर्व्हरची मेमरी २ जीबी. त्यातली सुमारे ७०० एमबी डेटाबेस आणि इतर किरकोळ कामांना लागते. पान तयार करणारी पीएचपीची एक प्रक्रिया माझ्या मोजणीप्रमाणे ७० एमबी घेते. म्हणजे उरलेल्या जागेत अशा एकोणीस प्रक्रिया मावतात. मी मर्यादा ठेवली होती ४०. एरवी एका वेळी पाच-सहांच्या वर प्रक्रिया लागत नसल्यामुळे माझी ही चूक वर्षभर निमूटपणे बसून होती.

त्या रात्री मर्यादा १६ वर आणली आणि डेटाबेस पुन्हा सुरू केला. मर्यादा कमी केली की सतराव्या माणसाला थोडे थांबावे लागते, पण सर्व्हर जिवंत राहतो. शिवाय मंडळाच्या भक्तांना रांगेची सवय असतेच.

क्लाउडवर असताना मेमरी दुप्पट करून मोकळे का होऊ नये, असे मला एका मित्राने विचारले. सर्व्हर मोठा करणे हे पाच-दहा मिनिटांचेच काम आहे, हे खरे. पण आरतीची वेळ सर्वांसाठी सारखीच असते आणि तरीही वर्डप्रेस, त्याला तसेच सोडले तर, प्रत्येक वाचकासाठी सगळे प्लगइन (जोड-प्रोग्रॅम) नव्याने उघडते, डेटाबेसला डझनावारी प्रश्न विचारते आणि शेवटी तेच पान पुन्हा रचून देते. या उधळपट्टीसाठी दरमहा जास्त भाडे भरणे मला पटत नाही. वाचकाची मागणी सर्वांत आधी ज्याच्याकडे येते त्या एनजिनएक्समध्ये मी तयार पान एक मिनिटभर साठवून ठेवण्याची सोय केली, त्यामुळे मिनिटात हजार लोक आले तरी पीएचपीला ते पान साधारण एकदाच रचावे लागते. दुकानाच्या बाबतीत मात्र हात राखून वागावे लागते. खरेदीची टोपली आणि पैसे भरण्याचे पान साठवून ठेवले, तर परळच्या ग्राहकाने निवडलेली पैठणी ठाण्याच्या ग्राहकाच्या टोपलीत दिसू शकते.

या उपायाचा फटका तिसऱ्याच शेजाऱ्याला बसला. त्याच सर्व्हरवरच्या एका छोट्या प्रकाशकांनी सकाळी सात वाजता प्रसिद्ध होण्यासाठी लावून ठेवलेला पुस्तकातला उतारा सव्वादहाला, त्यांच्या कार्यालयात कोणीतरी लॉगिन केल्यावर, प्रकटला. वर्डप्रेसजवळ स्वतःचे घड्याळ नसते; पान रचण्याची वेळ आली की एखादे काम खोळंबले आहे का, हे ते त्या निमित्ताने पाहते. या प्रकाशकांची पाने मी मिनिटाहून बराच जास्त वेळ साठवून ठेवली होती; सगळे वाचक त्या साठवलेल्या पानांवरूनच परत जाऊ लागल्यावर त्याला जागे करणारे कोणी उरले नाही. आता त्याची ती सवय बंद करून दर पाच मिनिटांनी सर्व्हरच्या क्रॉनकडून, म्हणजे ठरल्या वेळी कामे करणाऱ्या घड्याळाकडून, त्याला हाक मारली जाते. (याच प्रकाशकांच्या पानांचे देवनागरी वेबपत्ते लॉगमध्ये वाचणे ही वेगळी शिक्षा आहे. तेथे प्रत्येक अक्षरचिन्ह नऊ जागा खाते आणि वर्डप्रेस पत्त्याला जास्तीत जास्त २०० जागा देते. त्यामुळे काना-मात्रा धरून बाविसाव्या चिन्हाच्या आसपास शीर्षक तुटते. पत्ता छोटा आणि रोमन ठेवावा, ही माझी विनंती त्यांनी अजून मान्य केलेली नाही.)

एवढे होऊनही सर्वांना वेगवेगळे सर्व्हर देणे मला व्यवहार्य वाटत नाही, कारण सर्व्हर वाढले की अद्ययावत ठेवण्याची कामे आणि बिलेही तेवढीच वाढतात. मात्र एकाच सर्व्हरवर राहणाऱ्या प्रत्येक संकेतस्थळाला स्वतंत्र लिनक्स वापरकर्ता, पीएचपीच्या प्रक्रियांचा स्वतंत्र वाटा आणि स्वतःच्या डेटाबेसपुरतेच अधिकार दिलेच पाहिजेत, हे मी आधीच एकदा ठेच लागून शिकलो होतो. दोन वर्षांपूर्वी सर्व संकेतस्थळे एकाच वापरकर्त्याच्या नावाने चालत असताना एका दवाखान्याच्या जुन्या संपर्क-अर्जाच्या प्लगइनमधून कोणीतरी एक फाइल आत सरकवली, आणि त्या एका फाइलला बाकी सर्वांच्या डेटाबेसचे पासवर्ड वाचता येत होते. ते सगळे बदलण्यात माझ्या दोन रात्री गेल्या.

दुकानासाठी मात्र वेगळा सर्व्हर घेतला. मालकांनी विचारले, "म्हणजे इतके दिवस आम्ही दुसऱ्यांबरोबर एकाच खोलीत राहत होतो का?" करारात तसे लिहिलेले आहे, पण ते न वाचता सही केल्याबद्दल त्यांना दोष देण्यात अर्थ नव्हता, म्हणून हो म्हणालो.

नवा सर्व्हर उभारताना जुन्यावरून थेट नक्कल न करता मी मुद्दाम बॅकअपमधून संकेतस्थळ उभे केले. ॲमेझॉनचे मुंबईतले क्लाउड केंद्र २०१६ मध्ये आणि हैदराबादचे २०२२ मध्ये सुरू झाले. माझे सर्व्हर मुंबईत असतात आणि डेटाबेसची व छायाचित्रांची प्रत रोज पहाटे तीनला हैदराबादला जाते. सर्व्हरचा स्नॅपशॉटही (त्या क्षणीची संपूर्ण प्रत) घेतो, पण सर्व्हर आणि स्नॅपशॉट एकाच खात्यात, एकाच शहरात असतील तर निर्धास्त राहता येत नाही. दुपारी नवे संकेतस्थळ उघडले तेव्हा साड्यांची छायाचित्रे, किमती, जुने ग्राहक सगळे जागच्या जागी होते. फक्त त्या दिवशी सकाळी आलेल्या तीन ऑर्डरी नव्हत्या, कारण पहाटे तीनला त्या अस्तित्वातच नव्हत्या. त्या जुन्या सर्व्हरवरून हाताने आणल्या. तेव्हापासून दुकानाच्या डेटाबेसची प्रत दर तासाला घेतली जाते, प्रकाशकांची रोज पहाटे, आणि मंडळाची, भाद्रपद सोडला तर, आठवड्यातून एकदा.