प्ले

माझ्याकडे ट्रक चालवायचं लायसन्स नाही. ट्रक मात्र आहे: १/१४ मापाचा, दहा चाकांचा, रिमोटवर चालणारा. (माझं वय विचारू नका.)

त्याची एकच खोड. वळवून स्टिक सोडली की चाकं मधोमध येईनात. कधी जरा डावीकडे रेंगाळत, कधी उजवीकडे. मध्य जुळवायचं ट्रिमचं बटण दाबून दाबून अंगठा दुखला.

मी आपला ताकदीच्या मागे लागलो. चाकं वळवणारी छोटी मोटर म्हणजे सर्व्हो. जुना ३ किलोचा, म्हणून २० किलोचा आणला. २० किलो म्हणजे शाफ्टपासून एक सेंटीमीटरवर टांगलेलं तेवढं वजन तोलायची ताकद. "एवढ्याशा गाडीला?" बायकोने विचारलं. बसवला, आणि फरक शून्य. सर्व्हो जोरात वळायचा, पण त्याच्यावर सर्व्हो सेव्हर नावाची स्प्रिंगवाली कडी असते, ती मध्येच मान टाकायची. धक्का बसला तर सर्व्होचे दाते तुटू नयेत म्हणून ती असते. माझी इतकी मऊ, की धक्क्याशिवायच शरण.

तळमजल्यावरच्या काकांनी एसटी चालवण्यात उमेदीची वर्षं घालवलेली. त्यांनी ट्रक उचलला, पुढचं चाक चिमटीत धरून हलवलं आणि म्हणाले, "प्ले आहे रे."

खरंच होता. चाक हलत होतं, सर्व्हो ढिम्म. चाक ज्यावर वळतं त्या किंगपिनला प्लास्टिकचं बुश, सर्व्होकडून येणाऱ्या तारेच्या आकड्याला मोठं भोक, दोन्ही चाकं जोडणाऱ्या टाय रॉडची टोकं सैल. प्रत्येक जागी केसाएवढी फट, पण पाच सांध्यांची बेरीज चाकाशी येऊन डोळ्याला दिसत होती. मग तारेऐवजी बॉल जॉइंटवाला रॉड, किंगपिनवर पातळ वॉशर, आणि सेव्हर काढून सर्व्होवर सरळ अ‍ॅल्युमिनियमचा हात. या हाताला हॉर्न म्हणतात.

जोडताना चाकांना वळवणारे आर्म चुकून डाव्याचे उजवीकडे लागले. ट्रक वळताना टायर घासत ओरडायला लागला. आतलं चाक लहान वर्तुळात फिरतं, म्हणून ते बाहेरच्यापेक्षा जास्त वळायला हवं. त्यासाठीच ते आर्म मागे जाताना आतल्या बाजूला झुकलेले असतात. याला आकरमानची भूमिती म्हणतात. १८१८ साली लंडनमध्ये पेटंट घेतलं ते आकरमानने, एजंट म्हणून. कल्पना मात्र म्युनिकच्या लँकेनश्पेर्गर नावाच्या घोडागाड्या बनवणाऱ्याची. नाव राहिलं ते एजंटाचं. घोडागाडीचं ते गणित माझ्या पार्किंगमध्ये येऊन किंचाळत होतं.

आर्म पुन्हा आपापल्या बाजूला लावले. मागची आठ चाकं पुढच्या दोघांना सरळच ढकलत नेतात, म्हणून बॅटरी केबिनखाली सरकवून पुढे वजन दिलं.

रविवारी काकांच्या हातात रिमोट दिला. दोन स्कूटरींच्या मधून त्यांनी ट्रक रिव्हर्समध्ये असा आणला की मी बघतच राहिलो. वळवताना त्यांचा खांदाही वळत होता.

"छान झालंय. हॉर्न?"

"टाकलाय की. अ‍ॅल्युमिनियमचा, २५ दात्यांचा."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "मग वाजव."