जपानीतील ‘नुकतेच’: बाकारी, तोकोरो आणि ताते

जपानी भाषेच्या एन४ पातळीच्या परीक्षेच्या तयारीत सध्या माझा मुक्काम एकाच प्रकरणावर आहे. क्रिया नुकतीच पूर्ण झाली हे सांगण्यासाठी जपानीत ‘-ता बाकारी’, ‘-ता तोकोरो’ आणि ‘-ताते’ अशी रूपे आहेत, आणि क्रियेला किती वेळ लोटला यावरून त्यांची निवड करता येईल असे प्रथमदर्शनी वाटते. उदाहरणे जमवत गेल्यावर मात्र घड्याळाचा हा निकष फारसा टिकत नाही.

‘बाकारी’चेच पाहा. ‘क्योनेन केक्कोन शिता बाकारी देसु’, म्हणजे ‘आमचे गेल्याच वर्षी लग्न झाले’, हे वाक्य बिनचूक आहे. वर्ष उलटले तरी बोलणाऱ्याला ती घटना ताजी वाटते, एवढेच पुरेसे असते. आपले ‘नुकतेच’ही असेच ऐसपैस असल्यामुळे मराठी माणसाला हे रूप चटकन अंगवळणी पडते. शिवाय ते ‘नो’ जोडून नामाच्या आधी सहज बसते: ‘सेन्गेत्सु कात्ता बाकारी नो पासोकोन गा कोवारेता’, म्हणजे गेल्या महिन्यातच घेतलेला संगणक बिघडला. ‘एवढ्यात कसा काय?’ ही कुरकुर त्यात आपसूक येते आणि पुढे ‘नानोनि’ (‘असे असूनही’) लावले की ती उघडच होते. जपायचे एवढेच की ‘ता’च्या जागी ‘ते’ आले, तर ‘ताबेते बाकारी इरु’ म्हणजे ‘सारखा खातच असतो’ असा भलताच अर्थ निघतो.

‘तोकोरो’ त्या मानाने काटेकोर आहे. ‘ताबेरु तोकोरो’ म्हणजे आता खाणार, ‘ताबेते इरु तोकोरो’ म्हणजे खाणे चालू आहे आणि ‘ताबेता तोकोरो’ म्हणजे खाणे आत्ताच आटोपले. येथे बोलणारा क्रियेचा टप्पा दाखवत असतो. म्हणून त्याच्यासोबत ‘इमा’ (आता) किंवा ‘चोदो’ (नेमके) शोभते, ‘क्योनेन’ (गेल्या वर्षी) शोभत नाही. फोनवर कोणी ‘कुठे आहेस?’ असे विचारले, तर ‘इमा एकि नि त्सुइता तोकोरो’, म्हणजे ‘आत्ताच स्टेशनवर पोचलो’, हे चपखल उत्तर ठरते. मात्र ‘सेन्सेइ नि किइता तोकोरो’ असे म्हणून वाक्य पुढे चालू राहिले, तर अर्थ ‘सरांना विचारले असता’ असा होतो, त्यामुळे वाक्य संपेपर्यंत धीर धरावा लागतो.

‘ताते’ क्रियापदाच्या ‘मासु’ या आदरार्थी प्रत्ययापूर्वीच्या अंगाला लागते आणि क्रियेतून तयार झालेल्या वस्तूचा ताजेपणा सांगते: ‘याकिताते नो पान’ हा भट्टीतून नुकताच निघालेला पाव, तर ‘ताकिताते नो गोहान’ हा नुकताच शिजलेला भात. बाकावर ‘पेन्कि नुरिताते’ (नुकताच रंग दिला आहे) अशी पाटी दिसली, तर बसू नये. हे रूप हव्या त्या क्रियापदाला लावता येत नाही, म्हणून मी ते नियमापेक्षा तयार जोड्यांनीच पाठ करतो आहे.

अँकी या पाठांतराच्या कार्डांच्या अ‍ॅपमध्ये आता वाक्याचा शेवट झाकलेली कार्डे केली आहेत. ‘इमा’, ‘सेन्गेत्सु’, ‘नानोनि’ अशा शब्दांवरून रूप ओळखायचे. पुढचा सराव नकाराचा आहे. मराठीत ‘अजून जेवलो नाही’ असे भूतकाळी रूप येत असल्याने जीभ ‘मादा ताबेमासेन्देशिता’कडे वळते, पण जपानीत तेथे ‘मादा ताबेते इमासेन’ असेच म्हणावे लागते.