जीपी-9 ची मागची खिडकी एकदाची बुजली

मंडळी, माझ्या जीपी-9 च्या, म्हणजे अमेरिकन डिझेल रेल्वे इंजिनाच्या 1:87 प्रमाणातल्या मॉडेलच्या, कॅबच्या (चालकाच्या केबिनच्या) मागच्या भिंतीवरची ती खिडकी अखेर बुजली! प्रायमर मारून तिरप्या उजेडात धरलं, कडा कुठेच दिसत नाही. फार दिवसांनी इतकं समाधान वाटलं.

धडधाकट खिडक्या बुजवायच्याच कशाला, असं काहींनी विचारलं होतं. अमेरिकेत इंजिनांवर दगड आणि गोळ्या यायच्या, म्हणून तिथल्या फेडरल रेलरोड ॲडमिनिस्ट्रेशनने 1979 च्या अखेरीस काचांचे नियम आणले. समोरच्या काचेची चाचणी अशी: तिच्यावर 24 पौंडांचा सिंडर ब्लॉक (बांधकामाचा ठोकळा) सेकंदाला 44 फूट वेगाने आदळायचा, पॉइंट टू-टू बोअरच्या रायफलची गोळी सेकंदाला 960 फूट वेगाने मारायची. काचेमागे सहा इंचांवर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा. काचेचा उडालेला कण त्याच्या आरपार जाता कामा नये. अशी काच महाग. मग जुन्या इंजिनांत जिच्यावाचून अडत नाही, त्या खिडकीवर सरळ पत्रा ठोकला गेला. माझं मॉडेल ऐंशीच्या दशकातलं इंजिन दाखवतं, म्हणजे मागची खिडकी बंदच हवी.

आता पुटीचं, म्हणजे भोक बुजवायच्या लांबीचं रडगाणं. ट्यूबमधली सॉल्व्हंटवाली पुटी घासून सपाट केली की छान दिसते आणि रंग चढल्यावर आकसते. खिडकीचा चौकोन पुन्हा वर येतो. सुपरग्लू आणि टाल्कमचं मिश्रण आकसत नाही, पण शेलच्या (मॉडेलच्या बाहेरच्या कवचाच्या) प्लॅस्टिकपेक्षा कडक होतं, त्यामुळे सॅंडपेपर आजूबाजूचंच खातो. दोन भागांची इपॉक्सी पुटी जागची हलत नाही, मात्र पातळ कडेला तिचे टवके उडतात.

उपाय निघाला भंगारातल्या शेलमधून. त्याच प्लॅस्टिकचा तुकडा कापून भोकात घट्ट बसेल इतका घासला, आतून पातळ सिमेंट (प्लॅस्टिक जोडायचा द्रव गोंद) सोडलं आणि पूर्ण वाळेपर्यंत हात लावला नाही. एकच प्लॅस्टिक, त्यामुळे घासताना दोन्हीकडे सारखं झिजतं. फटींना पुटी जेमतेम लागली. 600 चा ओला पेपर लाकडी पट्टीला चिकटवून वापरा. बोटाने घासलं की खड्डा पडतोच.

खऱ्या इंजिनावर खिडकीवरून वेल्डिंग केलेला पत्रा दिसतो, त्यासाठी एव्हरग्रीन कंपनीची 0.13 मिमी प्लॅस्टिक शीट आणली होती. माल उत्तम, पण खऱ्या मापासाठी 87 ने गुणलं की 11 मिमी! पाव इंची पत्र्यासाठी 0.07 मिमी हवं. तेवढ्या जाडीची ॲल्युमिनियमची चिकटपट्टी मिळाली. कोपरे किंचित गोल केले, आणि रंगाखाली पत्र्याची कड जेवढी दिसायला हवी तेवढीच दिसते.

दुसऱ्या शेलच्या खिडक्याही बुजवणार होतो. पण लिहिता लिहिता आठवलं, एकाच यार्डात शंटिंग करणाऱ्या इंजिनांना या नियमातून सूट होती. म्हणजे तो शेल यार्डाचा करायचा, सगळ्या काचा ठेवायच्या. मग आतली सीट आणि कंट्रोल स्टँड (चालकाच्या दांड्यांचा खांब) बाहेरून दिसणार, ते आधी रंगवायला घेतो. नंबर बोर्ड पुढच्या वेळी.