तुम्ही विचारलंत म्हणून: तार किती लांबीची घेऊ?

"सातशे-सीचं चाक आहे, ३२ भोकं, तीन क्रॉस. तार कितीची घेऊ?" आठवड्यातून एकदा तरी हा फोन येतो, आणि बहुतेक वेळा विचारणारा सायकलच्या चाकाच्या तारा (स्पोक) घ्यायला दुकानात उभाच असतो. तीन क्रॉस म्हणजे प्रत्येक तार वाटेत दुसऱ्या तीन तारांना ओलांडते. मी आकडा सांगत नाही. काहींना वाटतं मी भाव खातोय, काहींना वाटतं धंद्यातलं गुपित जपतोय. माझा हा धंदा नाही. वीस वर्षं घराच्या गॅलरीत चाकं बांधतोय, स्वतःची आणि ओळखीतल्यांची. "मोजा आणि मग सांगा" एवढंच तुटक उत्तर देऊन फोन ठेवणं आता मलाही नको झालंय, म्हणून एकदा सगळं सांगतो.

सातशे-सी म्हटल्यावर कळतं ते एवढंच, की टायर जिथे बसतो तिथे रिमचा व्यास ६२२ मिमी आहे. तारेचा त्याच्याशी संबंध नाही. तार संपते निपलच्या, म्हणजे तिला रिममध्ये आवळणाऱ्या छोट्या नटच्या, डोक्यात, आणि ते डोकं रिमच्या पोटात किती आत बसतं हे प्रत्येक रिमचं वेगळं. चपटी रिम आणि खोल रिम, दोन्ही ६२२ च्याच, पण तारेत वीस मिलिमीटरचा फरक सहज पडतो. शिवाय हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, फ्लँज (तारा अडकतात त्या कडा) लहान-मोठ्या, मधल्या रेषेपासून जवळ-लांब. मागच्या चाकाला तर दोन बाजूंच्या तारा दोन मापांच्या. मग मी कुठला आकडा सांगू?

तुम्हाला एकच आकडा असेल असं का वाटतं, ते मला कळतं. काळ्या २८ इंची सायकलला पुढे ३२ आणि मागे ४० तारा असायच्या, रिम तशीच, हब तसाच. आमच्या पेठेतला मेकॅनिक भिंतीवरच्या जुडीतून न बघता तार ओढायचा आणि ती बसायची. त्याच्याकडे खरंच एक आकडा होता. तरुणपणी मला ते अडाणी काम वाटायचं. पण चाक दुसऱ्या कुणाच्या सायकलचं असेल, तर तो आधी जुनी तार काढून नव्या तारेला लावून बघायचा, हे मी पाहिलेलं आहे. म्हणजे तो मोजत होता, आणि एका चाकाच्या बाबतीत मी मोजलं नाही.

ते चाक एका मुलीचं होतं. साताऱ्याकडची, मला काका म्हणते. दोनशे आणि तीनशे किलोमीटरच्या ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेऱ्या, तिने पूर्ण केल्या होत्या. चारशे आणि सहाशे झाल्या की एसआर (सुपर रँडोनर, एका मोसमात या चारही फेऱ्या करणाऱ्याचा किताब) पुरी, आणि त्या मोसमात तिला जमेल अशी चारशेची ही शेवटचीच होती. मागचं चाक मी बांधून देतो म्हणालो. हलकं व्हावं म्हणून ॲल्युमिनियमचे निपल घ्यायचं मीच सुचवलं. रिमवर स्टिकर होतं: ईआरडी ५९८. ईआरडी म्हणजे तारांची टोकं जिथे येतात तिथला व्यास. सगळा हिशोब त्याच्यावर. ५९८ धरून उजवीकडची तार २९०.५ आली आणि डावीकडची २९१.९. तारा बहुधा दोन-दोन मिलिमीटरच्या टप्प्याने मिळतात, तर २९० आणि २९२ आणल्या. सोपं काम.

इथे मला जे लिहायचं आहे ते तिच्याशिवाय आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला दिसलं होतं. निपल आवळताना तारेचं टोक हळूहळू वर येतं आणि डोक्यावरच्या खाचेत चमकतं. उजव्या बाजूला ते येईना. खाच रिकामी, आत काळोख. मी एका निपलमध्ये टॉर्च मारून पाहिलं आणि स्वतःला समजावलं, की ताण चढला की तार थोडी ताणते, येईल वर. तार ताणते हे खरं आहे. शंभर किलोच्या ताणाला अर्धा मिलिमीटर. मला हवे होते अडीच. रात्रीचे साडेअकरा झाले होते, चाक सुरेख सरळ फिरत होतं, आउट औषधालासुद्धा नव्हता. मी रिम टेप लावली आणि ती खाच झाकून टाकली.

पहिले तीन महिने काही झालं नाही. चारशेच्या रात्री अडीच वाजता तिचा फोन आला, कोल्हापूरच्या बाजूने परतताना, उंब्रजजवळून. "काका, तार तुटली नाहीये. अख्खीच्या अख्खी सुटून हातात आलीये. आणि रिममध्ये काहीतरी खुळखुळतंय." मला लगेच कळलं. मी तिला मागचा ब्रेक सैल करायला सांगितला, सुटलेली तार शेजारच्या तारेभोवती गुंडाळायला सांगितली, आणि काय झालंय ते मात्र सांगितलं नाही. साताऱ्यापर्यंत आणखी दोन निपल गेले. चाक फ्रेमला घासायला लागलं आणि ती थांबली. जाताना याच चाकावर ती खंबाटकी घाट उतरली होती, हा विचार मला उजाडेपर्यंत पुरला.

चाक घरी आल्यावर टेप काढून रिम उलटी केली. निपलची तीन डोकी टेबलावर पडली, हरभऱ्याच्या डाळीएवढी. तिन्ही उजव्या बाजूची. तार डोक्यापर्यंत पोचली नव्हती, सगळा भार डोक्याखालच्या पातळ नळीवर होता, आणि नळी तिथेच तुटली. मग मी रिम मोजली. ६०२. स्टिकर खोटं नव्हतं. निपल रिमला जिथे टेकतो तिथलं माप त्यांनी दिलं होतं, मला हवं होतं डोक्याच्या खाचेपर्यंतचं. खरं उत्तर होतं २९२.५ आणि २९३.९.

हे सांगितलं की लोक म्हणतात, पितळी निपल असते तर टिकले असते. कदाचित. तेवढ्याच अपुऱ्या तारांवर पितळी निपल वर्षानुवर्षं चालतात, हे मलाही माहीत आहे. मग चूक लांबीची की निपलची? मी कधी असं बोलतो, कधी तसं. पितळी निपल टाकले असते तर मला माझी चूक कधी कळलीच नसती, आणि पुढची कितीतरी चाकं मी स्टिकर वाचूनच बांधली असती. पण तिची एसआर गेली, आणि ती माझ्या शिकण्याची किंमत म्हणून मला मान्य नाही.

दुसरं म्हणणं, "हल्ली कॅल्क्युलेटर आहेत की." आहेत, मीही वापरतो, त्यांचं गणित चुकत नाही. माझंही गणित चुकलं नव्हतं.

तर मोजा. दोन जुन्या तारा आट्यांच्या टोकापासून २६० मिमीवर कापा, टोक खाचेच्या तळाशी येईल असे निपल चढवून चिकटवून टाका. ३२ भोकांच्या रिममध्ये पहिल्या आणि सतराव्या भोकात घाला, ताणून धरा, मधली फट मोजा. फट ८२ आली, तर २६० अधिक २६० अधिक ८२, ईआरडी ६०२. रिम आणि हब तेच ठेवणार असाल, तर जुनी तार वाकाच्या आतल्या बाजूपासून आट्यांच्या टोकापर्यंत मोजली तरी चालेल, पण आधी खाचेत बघा की ती जुनी तार तरी डोक्यापर्यंत पोचली होती का.

दोन मापांच्या मधला आकडा आला तर वर जायचं की खाली? पूर्वी मी छातीठोकपणे खाली सांगायचो, टोक वर येऊन ट्यूब फाडेल म्हणून. दुहेरी भिंतीच्या रिममध्ये ती भीती फारशी नाही, म्हणून आता वर जातो. पण फार वर गेलात तर आटे संपतात आणि निपल पुढे फिरतच नाही, तेव्हा यावरही मला ठाम बोलवत नाही.

खाचेबद्दल मी तिला पुढे सगळं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "टॉर्च मारून पाहिलं होतंत?" मी हो म्हटलं. त्यानंतर वर्षभर तिचा फोन नव्हता.

गेल्या रविवारी फोटो आला. नवी रिम, कापलेल्या दोन तारा, मध्ये स्टीलची पट्टी. खाली लिहिलं होतं, "दोनदा मोजलं काका. एकदा ८१, एकदा ८३. कुठलं धरू?"

मी लिहिलं, अजून दोन ठिकाणी मोज.