भाषणाचे गाणे झाले तेव्हा

मी पदव्युत्तर वर्गाला विसाव्या शतकातील आफ्रिकेचा इतिहास शिकवते. एका तासाला मी विद्यार्थ्यांच्या हाती दोन पाने दिली. एकावर इथिओपियाचे सम्राट हेले सेलासी यांनी ४ ऑक्टोबर १९६३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत केलेल्या भाषणाचा उतारा होता. दुसऱ्यावर जमैकाचे गायक बॉब मार्ली आणि त्यांच्या ‘वेलर्स’ या वाद्यवृंदाच्या १९७६ सालच्या ‘वॉर’ या गाण्याचे शब्द होते.

थोड्याच वेळात कुजबुज सुरू झाली, कारण दोन्हीकडचा मजकूर जवळपास एकच होता. एक वंश श्रेष्ठ आणि दुसरा कनिष्ठ मानणारी विचारसरणी जोवर कायमची टाकून दिली जात नाही, माणसाच्या कातडीच्या रंगाला त्याच्या डोळ्यांच्या रंगाहून अधिक महत्त्व मिळणे जोवर थांबत नाही, अशा अटींमागून अटी घालत जाणारे ते बिनयमकाचे गद्य होते. मात्र भाषणात सगळ्या अटी सांगून झाल्यावर शांतता हे स्वप्नच राहील असा निष्कर्ष येतो, तर गाण्यात जवळजवळ प्रत्येक अटीनंतर ‘युद्ध’ हा शब्द आदळतो. भाषणातले आफ्रिकी गरज पडल्यास लढणार आहेत. गाण्यातल्यांना ती गरज पटलेली आहे. मग मी गाणे लावले. कार्लटन बॅरेट यांच्या ड्रमच्या संथ, न ढळणाऱ्या ठेक्यावर ते राजनैतिक गद्य फिर्यादीसारखे उभे राहिले. या गाण्याच्या श्रेयनामावलीत बॅरेट यांचे नाव आहे, हे मला फार योग्य वाटते.

तेवढ्यात एका विद्यार्थिनीने विचारले, “मॅडम, याच सम्राटाच्या राज्यात १९७३ साली वोलो प्रांतात दुष्काळाने माणसे मेली आणि सरकारने ते दडवले. मग हे शब्द आपण स्वातंत्र्याचे म्हणून कसे वाचायचे?”

प्रश्न रास्त होता. जमैकात गुलामगिरी रद्द करणारा कायदा १८३४ साली लागू झाला, तरी मळ्यांवरची सक्ती १८३८ पर्यंत चालूच राहिली. त्या गुलामांच्या वंशजांना, त्यातही रास्ताफारी पंथाच्या लोकांना, १९३० साली राज्याभिषेक झालेला हा कृष्णवर्णीय राजा तारणहार वाटला, आणि १९६६ साली तो किंग्स्टनच्या विमानतळावर उतरला तेव्हा अफाट गर्दी लोटली, हे मी सांगितले. त्याने त्या श्रद्धेमागचे कारण कळते, पण दुष्काळात मेलेल्यांना उत्तर मिळत नाही, आणि तसे ती स्पष्ट म्हणाली.

तेव्हा तिच्या शेजारच्या मुलाने दोन्ही पानांवरचे एक वाक्य मोठ्याने वाचले: कोणत्याही राष्ट्रात प्रथम आणि दुय्यम दर्जाचे नागरिक उरू नयेत. ‘कोणत्याही’ म्हटल्यावर इथिओपियाही त्यात आलाच, असे त्याचे म्हणणे होते. मला ते पटले. सम्राटाचे शब्द सम्राटालाही लावून पाहता येतात, आणि गाणे झाल्यामुळे ते हाती घेण्यासाठी आमसभेत जागा असावी लागत नाही. त्या दोन पानांना आता मी वोलोच्या दुष्काळावरचे तिसरे पान जोडते.